मशीनची शिट्टी आणि शहाणा कॅमेरा

तिसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणं टाकलंय, ही बातमी सकाळी पाण्याच्या टाकीजवळ फुटली आणि संध्याकाळपर्यंत गच्चीवर पोचली. पुरावा म्हणाल तर पक्का होता. रोज दुपारी सगळी इमारत जरा आडवी झाली की त्या घरातून टाळी ऐकू यायची. एकच. मग थोडा वेळ खडखड, मग शांतता, मग पुन्हा एक टाळी. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईंनी त्याचा अर्थही लावून टाकला. "अबोला आहे हो. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवायला वाढ." दोन टाळ्या कुणीच कधी ऐकल्या नव्हत्या, त्यावरून त्या घरात हल्ली जेवणच होत नाही इथपर्यंत गोष्ट गेली.

खरं एवढंच होतं, की तिसऱ्या मजल्यावर चित्रीकरण चालू होतं. चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्यात. नंतर दोन्ही जुळवायचे तर काहीतरी खूण हवी. हातावर हात पडलेला दिसतो तो क्षण आणि टाळी ऐकू येते तो क्षण एकावर एक ठेवले, की पुढचं सगळं आपोआप रांगेत येतं. टाळी वाजवायचं खातं नवऱ्याकडे होतं. ते निवृत्त ग्रंथपाल. उभा जन्म लोकांना 'हळू, हळू' म्हणण्यात गेलेला, त्यामुळे सुरुवातीला त्यांची टाळी यंत्रापर्यंत पोचायचीच नाही. तळमजल्यापर्यंत पोचायला लागली ती सरावाने.

आणि चित्रीकरण कशाचं? तर शिलाई मशीनच्या पोटाचं.

ही करामत ज्यांची, त्यांना अख्खी इमारत स्क्रूवहिनी म्हणते. तोंडावरसुद्धा. अंबाड्यात बारीक स्क्रूड्रायव्हर खोचून हिंडणाऱ्या बाईला राग मानायला तरी जागा कुठे आहे! शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. वडिलांचा होता, भावाने नाक मुरडलं, म्हणून यांच्या पदरात पडला. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, भिंतीला लागून लाकडी बाक, आणि बाकावर ओळीने बसलेली मशीनं, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. वहिनींची तपासायची तऱ्हाही डॉक्टरसारखीच. मशीन आधी उघडायचं नाही. हाताने चाक फिरवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. 'टक्' आली तर सुई कुठेतरी आपटतेय. 'खर्र' आली तर दात्यांत दोरा गुंतलाय. आणि फार बारीक, केस ताणून ओढावा तशी शिट्टी आली, तर आतलं शटल कोरडं पडलंय. शटल म्हणजे खालचा दोरा फिरवणारा तुकडा. त्याला वेळेवर तेलाचा थेंब मिळाला तर वाचतो, नाही मिळाला तर स्वतःलाच खात बसतो.

ही शिट्टी म्हणजे वहिनींची खास मालमत्ता. बाकी आवाज गिऱ्हाइकालाही कळतात. शिट्टी मात्र कुणी बोट दाखवल्याशिवाय ऐकू येत नाही.

कॅमेऱ्याचं खूळ निघालं नणंदेपासून. दुसऱ्या गावी नणंदेने हाच धंदा मांडला आणि अडलं की फोन करायला लागली. "वहिनी, ऐक हं," असं म्हणून ती फोन मशीनला लावायची. इकडे नुसती भुसभुस. "अगं, हे मशीन आहे की तुझ्याकडे कुणी वाळू चाळतंय?" शेवटी नणंद म्हणाली, "तू एकेका आवाजाचा व्हिडिओ करून पाठव ना. मी बघून शिकते." वहिनी म्हणाल्या, करू कधीतरी. हे कधीतरी पुढची दहा वर्षंही सुखाने चाललं असतं.

पण मधेच कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन परत आलं. वहिनींनीच तपासून, तेलपाणी करून, 'आता वर्षभर बघायला नको' असं सांगून धाडलेलं, आणि आठवड्यात जाम. उघडलं तर शटलची कड चावल्यासारखी झिजलेली. म्हणजे तपासलं त्या दिवशीही ते शिट्टी मारत असणार. मग वहिनींना ऐकू कशी आली नाही?

वहिनींनी नवं शटल बसवून दिलं आणि रात्रीच्या जेवणात दोनदा मीठ घातलं. ग्रंथपाल म्हणाले, "त्या दिवशी खाली रस्ता खणत होते. मला माझं वर्तमानपत्र ऐकू येत नव्हतं."

"वर्तमानपत्र वाचतात."

"मी मोठ्याने वाचत होतो. तुझ्यासाठी."

वहिनींना हसू आलं नाही. त्यांच्या वडिलांचे कान साठीच्या आत गेले होते, आणि आधी गेला होता तो असा बारीक आवाजच. शिट्टी गेली की डोळे मिटून तपासणं गेलं, आणि मग आपण इतरांसारख्याच मशीन खोलून बसणाऱ्या. "डॉक्टरकडे जाऊ या," असं ग्रंथपाल म्हणत, आणि वहिनींना त्या वेळी नेमकं काहीतरी काम निघे. मात्र नणंदेचे व्हिडिओ एकदम निकडीचे झाले. कान जाणारच असेल तर त्याच्या आत सगळे आवाज डबीत बंद करून ठेवायला हवेत.

म्हणून दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. कॅमेरेवाल्याने काचेवर चार नग मांडले, सगळे एकेकदा वापरून झालेले. लोक विचारतात फोटो कसा येतो. वहिनींनी प्रत्येक कॅमेरा उचलला, कानाजवळ हलवून बघितला आणि एक परत ठेवला. "याच्यात काहीतरी सुटलंय."

कॅमेरेवाल्याने तो उघडला. सुटलं होतं. मग तो जरा सरळ उभा राहिला.

"आवाज कसा घेतो हो, भाऊ?"

"आवाजाचं तर विचारूच नका, ताई. काचेसारखा स्वच्छ! मागचा सगळा कचरा आपोआप झाडून टाकतो."

स्वच्छता हा शब्द ऐकला की वहिनी विरघळतात. कॅमेरा घेतला, वर एक स्वस्तातला तिपाई स्टँडही घेतला.

घरी आल्यावर मौजच सुरू झाली. स्टँडची मान झोपाळू निघाली. कॅमेरा ठेवला की ती हळूहळू खाली झुकायची, जशी काही व्याख्यानाला बसली आहे. वहिनींनी ती खोलली आणि आत मशीनचा एक रबरी वॉशर सरकवला. मान ताठ झाली. मग उजेड. छताच्या ट्यूबखाली वाकलं की वहिनींच्याच डोक्याची सावली शटलवर पडायची. टेबलाचा दिवा बाजूने लावला तर शटल आरशासारखं चमकून काहीच दिसेना. शेवटी दिव्यासमोर कपडे बेतायचा पातळ कागद धरला, तेव्हा कुठे उजेड मऊ झाला आणि लोखंडावरची एकेक रेघ दिसायला लागली. कागद धरायला ग्रंथपाल. एवढं करून कॅमेऱ्याला शटल पसंतच पडेना. दरवेळी तो वहिनींच्या बोटातली लग्नाची अंगठी नीट टिपायचा आणि मशीन धूसर ठेवायचा. वहिनींनी अंगठी काढून डबीत टाकली.

"कॅमेऱ्यासाठी काडीमोड?" कागदाआडून आवाज आला.

"कागद सरळ धरा."

मग वहिनींनी स्वतःचं मशीन मुद्दाम पुसून कोरडं केलं आणि चाक फिरवलं. शिट्टी वाजली. बारीक, नेमकी. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच व्हिडिओ लावून बघितला.

चित्र सुरेख. खडखड ठणठणीत. शिट्टी नाही.

पुन्हा केलं. कॅमेरा जवळ सरकवून केलं. खिडकी लावून केलं. शिट्टी नाहीच. त्या ग्रंथपालांकडे वळल्या. "तुम्हाला येतेय ऐकू?"

"येतोय की. छान येतोय मशीनचा आवाज."

"मशीनचा नाही हो, शिट्टीचा! आणि मघाशी, खरं मशीन चालू होतं तेव्हा?"

ग्रंथपालांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बारीक काहीतरी होतं खरं. पण मला वाटलं, पंखा."

वहिनी बाकावर मशीनांच्या ओळीत बसल्या. त्यांच्या मनात जे आलं ते असं: कॅमेरा खोटं कशाला बोलेल? शिट्टी व्हिडिओत आहेच, आपल्याला ऐकू येत नाहीये. आणि खऱ्या मशीनची ऐकू आली म्हणावं, तर ती कानाने ऐकली की हाताच्या सवयीने? इतकी वर्षं चाक फिरवणाऱ्या हाताला कोरडं शटल लगेच कळतं. हात सांगतो, आणि डोकं मधल्यामधे कानाचं नाव लावतं. असं होत असेल तर कान कधीचाच गेलाय आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन पेटीत घातलं, पेटी ग्रंथपालांच्या हातात दिली, आणि दोघं पुन्हा दुकानात. कॅमेऱ्यांच्या काचेवर शिलाई मशीन मांडलेलं बघून आत आलेलं एक गिऱ्हाईक बाहेरची पाटी वाचायला परत गेलं.

कॅमेरेवाल्याने व्हिडिओ ऐकला. "ताई, आवाज तर झकास आहे. राग मानू नका, पण वय झालं की बारीक आवाज जरा…"

"तेच बघायला आलेय. इकडे या, कान लावा."

वहिनींनी चाक फिरवलं. कॅमेरेवाल्याने काचेवर वाकून मशीनला कान लावला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अरेच्चा! हे काय आहे? डास?"

"शटल. आता कॅमेऱ्यात ऐका."

त्याने ऐकलं. मग हेडफोन लावून ऐकलं. मग कॅमेऱ्याकडे असं बघितलं, जसं घरातल्या गुणी पोराने चोरी केल्याचं कळावं. "नाहीये! ताई, कळलं मला. हा फार शहाणा आहे. एकसारखा, न बदलणारा आवाज आला की याला वाटतं पंखा असणार, नाहीतर फ्रिज. हा तो परस्पर पुसून टाकतो. तुमची शिट्टी कचऱ्यात गेली."

"बंद करा ना मग त्याचं शहाणपण."

त्याने सगळी बटणं धुंडाळली. या नगात ती सोयच नव्हती. पण आता त्याच्याही डोक्यात किडा शिरला होता. त्याने खालचा खण उपसून एक काळपट, बोटाएवढा रेकॉर्डर काढला. "कॉलेजची मुलं वर्गात ठेवायची हा. एकदम मठ्ठ. समोर येईल ते सगळं गिळतो."

"मठ्ठच हवा मला," वहिनी म्हणाल्या. पण चेहरा अजून उतरलेलाच होता. "भाऊ, कॅमेऱ्याचं कळलं. माझं कुठे कळलंय? मागे एक मशीन तपासताना शिट्टी निसटली, हे म्हणतात खाली रस्ता खणत होते म्हणून. आत्ता ऐकू आलं ते कानाने, की तुमच्या भुवया बघून?"

यावर कॅमेरेवाल्याने जे केलं त्याबद्दल त्याचं कौतुक करायला हवं. त्याने रेकॉर्डर मशीनला चिकटवून कोरड्या शटलचा आवाज घेतला. मग वहिनींकडून तेलाचा थेंब सोडवून घेतला आणि पुन्हा आवाज घेतला. "आता तिकडे तोंड करा. पट्टे टांगलेत त्या भिंतीकडे. मी मनाला येईल तसं लावतो, तुम्ही सांगा."

वहिनी भिंतीकडे वळल्या. हात पदराखाली घट्ट धरलेले, म्हणजे त्यांनी चुगली करायला नको.

"तेल आहे," वहिनी म्हणाल्या. मग, "तेल नाही." मग बराच वेळ काहीच नाही. ग्रंथपालांना वाटलं, संपलं. मग, "तेल नाही. पण हे तुम्ही मघाचंच परत लावलंत. यात तुमच्या दाराची बिजागरी वाजतेय. तिलाही तेल हवंय."

कॅमेरेवाल्याने दार उघडून बघितलं, बंद करून बघितलं, आणि हात जोडले. "बाई, तुमच्या कानाला वॉरंटी देतो मी, लिहून. त्या दिवशी रस्त्याचाच आवाज आड आला असणार."

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय," ग्रंथपाल पेटीच्या कड्या लावता लावता म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

शहाणा कॅमेरा परत गेला. चित्रासाठी ग्रंथपालांचा जुना फोन पुरेल असं ठरलं, आवाजासाठी तो मठ्ठ रेकॉर्डर, आणि दोन्ही जुळवायला टाळी. ती युक्ती कॅमेरेवाल्याने फुकट दिली. वहिनींच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. त्या दुकानातल्या पंख्याकडे मान वर करून ऐकत होत्या, आणि त्याचं काय बिघडलंय ते आता सांगणार असं दिसत होतं.

तेवढ्यात पेटी उचललेले ग्रंथपाल दारात थांबले. त्यांना एक शंका आली होती. "म्हणजे कान अगदी तिखट आहे म्हणायचा. मग आज सकाळी मी चहासाठी तुला हाका मारत होतो, चांगल्या घसा बसेपर्यंत, त्या कशा ऐकू आल्या नाहीत?"

वहिनी म्हणाल्या, "रोज तीच हाक, त्याच सुरात. माझ्या कानालाही वाटलं, पंखा असणार. उद्यापासून काहीतरी वेगळं बोलून बघा."