फातूताईचा डावा पाय

फातूताई जाऊन आज वर्ष झालं. तिचा डावा पाय मात्र अजून गेलेला नाही.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. फातूताई पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाची. सिल्वासात आमच्या कापड कंपनीच्या एक्स्पोर्ट ऑफिसात फ्रेंच पत्रव्यवहार बघायची. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. होऊन तिथे लागले, तर तिच्या शेजारची खुर्ची मिळाली.

रविवारी सकाळी सामरवरणीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ती आम्हा बायका-मुलींना नाच शिकवायची. आधी तिच्या गावचा, सुगीचा. मग तिने स्वतः बसवलेला, आजचा. त्यात नुसतं चालणं, पडणं, उठणंसुद्धा नाच असायचं.

"ए ग्रॅज्युएट, दिमाग घर पे रख के आ! घुटना मोड. चालो, फरीथी!"

फरीथी म्हणजे पुन्हा. गुजराती ती कँटीनमध्ये शिकली होती.

ती पुढे, आम्ही मागे. तिचे पाय बघून शिकायचो.
उडीच्या आधी तिची डावी टाच फरशीवर जराशी घासायची.
सर्र. मग उडी.
आम्ही सगळ्याच तशा घासायला लागलो.

नाच संपला की वाकून जेंबेला, तिच्या त्या शेळीच्या कातड्याच्या ढोलाला, हात लावायचा. मग तोच हात छातीला. हा निरोप घेतल्याशिवाय हॉल सोडायचा नाही, हा तिचा नियम.

शेवटच्या रविवारी नाच चालू असतानाच तिला चक्कर आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेली.
जेंबेला हात लावायचा राहिला.
ती परत आली नाही.

क्लास आम्ही बंद केला नाही. पुढे मी उभी राहायला लागले.

एकदा जिना चढून घरी आले, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "फातू उनी का वं?"
आई शिरपूरकडची. अजून अहिराणीच बोलते, 'आली'ला 'उनी' म्हणते.
"आई, मी आहे."
"पाय तं तिना वाजना."

मी हसले. मग पुन्हा जिन्यात जाऊन चालून बघितलं.

सर्र.

मागच्या महिन्यात तिच्या बहिणीला, बिंताला, व्हिडिओ कॉल करून आमचा नाच दाखवला. बिंताचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं.

"डावी टाच घासायला कोणी सांगितलं?"
"स्टेपच तशी आहे ना?"
"नाही. आमच्या नाचात घासणं नाहीच. फातू लहानपणी आंब्यावरून पडली होती. तेव्हापासून तो पाय नीट उचलायचा नाही."



तेवढ्यात बिंताच्या मागून एक म्हातारा आवाज आला.
"फातू?"

तिची आई. तिला दिसत नाही. आमचे पाय ऐकून भिंत धरत आली होती.

दुसऱ्या दिवशी बिंताचा फोन. "आई दार लावू देत नाही. म्हणते, फातू बाहेर उभी आहे. प्लीज, पाय सुधारा. वर्षाच्या दिवशी बरोबर नाचा. त्यात फातूचा पाय नाही, हे तिला ऐकू दे."

मला नको होतं. ते घासणंच तर तिचं उरलं होतं आमच्याकडे.
पण तिकडे एक आई उघड्या दारापाशी बसून होती.

मग काय, महिनाभर एकमेकींवर ओरडलो. "अगं उचल ना तो पाय!"

आज सकाळी नाचलो. फोन स्टुलावर ठेवला होता.
एकीचीही टाच घासली नाही.
सगळ्यांनी वाकून जेंबेला हात लावला, मग छातीला.

फोनमधून रडणं ऐकू आलं. बिंता म्हणाली, वर्षात पहिल्यांदा रडली आई.
मग दार लावल्याचा आवाज आला. इथपर्यंत.

जेंबे दोन्ही हातांनी कवटाळून मी घरचा जिना चढले. एकेक पाय नीट उचलत.

आत आई कोणाशी तरी बोलत होती.
"बस माय, चहा ठेवस."

मग दारात मला बघून म्हणाली, "तू मांगे राहिनी का? ती तं आत्तेच उनी."

खुर्ची रिकामी होती. मी जेंबे तिच्यासमोर ठेवला.

फातूताई, चहा घे.
जेंबेला हात लाव, तुझा राहिला होता.
आणि मग सावकाश जा.