धाडच्या गाडीनं येणारा डबा

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं एम.एस्सी.ही अजून पूर्ण व्हायचं आहे. अशा माणसानं आठवणी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. तो माफ करावा. आमच्या विभागप्रमुख मॅडमचे आभार मला तोंडानं मानता आले नाहीत, म्हणून हे कागदावर.

बुलढाण्यातल्या आमच्या विभागात शिकवण्यांचे नियम आहेत. एम.एस्सी.च्या मुलांनी पैसे घेऊन शिकवायला हरकत नाही, पण विभागाची लेखी परवानगी हवी. विभागाची खोली त्यासाठी वापरायची नाही. आणि ज्या विद्यार्थ्याचं जर्नल आपण तपासतो, त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही. मी या नियमांखाली सही केली होती. दुसऱ्या कॉलेजातल्या दोन मुलांना मी शिकवत असे आणि त्यावर माझी खोली आणि मेस चाले. वडिलांची देऊळगाव राजाकडे एका खेड्यात पिठाची गिरणी आहे. परवानगी गेली असती तर मलाही तिथंच जाऊन बसावं लागलं असतं.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची जर्नल्स माझ्याकडे तपासायला होती. त्या वर्गातला, जवळच्या धाड गावचा एक मुलगा चाचणीत नापास झाला आणि शिकवा म्हणून मागे लागला. मी त्याला नियम सांगितला. त्याचं तोंड उतरलं, तेव्हा म्हटलं, फी घेणार नाही, पण शिकवतो. संध्याकाळी त्याच्या खोलीवर आम्ही बसू लागलो.

त्याचा डबा रोज सकाळी धाडहून एसटीनं येत असे. आमच्याकडे बऱ्याच मुलांचे येतात. आई गाडीत पिशवी ठेवून देते, मुलगा स्टँडवर उतरवून घेतो. आठवडाभरानं त्या पिशवीत दोन डबे येऊ लागले. दुसरा माझा होता. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, ठेचा, कधी मेथी. मी एकदा नको म्हणून पाहिलं. मुलगा म्हणाला, आई ऐकत नाही. आमच्या भागात पोराला शिकवणाऱ्याला जेवू घालतात, त्याला कुणी फी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. महिनाभर जेवलो. मात्र त्याचं जर्नल हातात आलं की मी उगाच जास्त वेळ घेत असे, आलेख पुन्हा पुन्हा बघत असे. असं का होतं, याचा विचार मी टाळला.

तो विचार माझ्या खोलीतल्या मित्रानं करायला लावला. एकदा मी जर्नल्स तपासत होतो आणि शेजारी तो रिकामा डबा होता. मित्र म्हणाला, "फी घेत नाही म्हणतं न बे तू? मंग ह्या डब्यात काय परसाद येऊन राह्यला?"

मी हसलो, पण पुढचं जर्नल काही उघडवेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला आधी बसायला सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी डब्यात काय काय असायचं, हेच विचारलं. मग म्हणाल्या, "जेवलास त्यात पाप नाही. पण त्याच्या गुणांखाली सही तुझी आहे. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्या मुलाची मेहनतसुद्धा खोटी ठरेल. नियम त्याच्यासाठी आहे आणि तुझ्यासाठीही."

नियम आपल्यासाठी असतो, असं तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी नियम म्हणजे कचेरीत अडवणारी गोष्ट.

मॅडमनी सगळ्या वर्गाची जर्नल्स दुसऱ्या प्राध्यापकांकडे फेरतपासणीला दिली. गुणांत फरक निघाला तर माझ्या परवानगीचं काय करायचं ते विभागाची समिती ठरवणार होती. तोवर शिकवण्या बंद. डबाही बंद करायला मी मुलाला सांगितलं, तर त्याच्या आईचाच फोन आला.

"सर, भाकरीची काय पावती असते का? तुमच्या मायनं माह्या पोराले जेवू घातलं असतं, तं म्या काय नाही म्हटलं असतं?"

मी म्हटलं, काकू, चूक तुमची नाही, माझी आहे. त्या म्हणाल्या, "जर्नलाचं काम सुटलं की सांगजा. डबा घासून ठेवते."

पुढचे तीन आठवडे कठीण गेले. शिकवण्यांशिवाय मेस परवडेना, म्हणून गावी आलो. वडिलांनी गिरणीवर पिशवी धरायला सांगितली. मी मनात एकेक जर्नल आठवत असे. भाकरीच्या भिडेनं त्या मुलाला एखादा गुण जास्त तर दिला नसेल?

एका दुपारी गिरणी चालू असताना मॅडमचा फोन आला. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून वडिलांनी पट्टा काढून गिरणी थांबवली. फेरतपासणी झाली होती. बाकी सगळ्यांचे गुण जुळले होते. फरक एकाच जर्नलमध्ये निघाला, धाडच्या मुलाच्या. मी त्याला दोन गुण कमी दिले होते. ते त्याला मिळाले. जर्नल्स आता दुसरं कुणी तपासणार होतं, आणि डब्याच्या बदल्यात गुण दिले नव्हते हे पाहून समितीनं माझी परवानगी कायम ठेवली होती.