मोठ्या मापाची मूठ

कारखान्यात त्याला सगळे पंजा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई, आणि तेव्हाही ते पुकारलं की तो स्वतःच इकडेतिकडे बघे. हात घडवताना त्याच्या वाट्याला चुकून दोन माणसांचा माल आला असावा. चहाचा कप त्याने उचलला की कप दिसेनासा होई आणि नुसती वाफ दिसे.

कारखाना हत्यारांचा होता आणि पंजा तिथे पॅटर्न मेकर होता. जी वस्तू पुढे लोखंडाची किंवा फायबरची व्हायची, ती आधी लाकडात घडवायची, हे त्याचं काम. रंधा, पटाशी आणि कानस त्याच्या हाती आली की लाकूड लोण्यासारखं वागे. त्याची खोड एकच, आणि ती त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. हातात धरायची कुठलीही वस्तू तो स्वतःच्या हाताच्या मापाने करी. घरातल्या प्रत्येक सुरीला त्याने हौसेने नवी मूठ बसवली होती, त्यामुळे त्या घरात कांदा चिरायला बसलेलं माणूस लाकडं फोडायला बसल्यासारखं दिसे. दाराची कडी त्याचीच. "चोर आला तरी त्याला ती उघडायची नाही," असं त्याची आई कौतुकाने सांगे, की वैतागून, ते कळत नसे.

बायको पोलिसात हवालदार होती. उंचीने ती त्याच्या खांद्याला कशीबशी लागे, पण तिने चौकात हात वर केला की ट्रक जागच्या जागी गप्प उभे राहत.

तर झालं असं, की पोलिसांची जुनी रिव्हॉल्व्हरं इतकी म्हातारी झाली होती की चोरांनाही त्यांची दया यावी. त्याऐवजी नवं पिस्तूल आणायचं ठरलं. रिव्हॉल्व्हरच्या चाकात मोजक्या गोळ्या मावत. पिस्तुलाचं मॅगझिन मुठीतच बसतं, त्यात गोळ्यांची दुहेरी रांग असते, आणि एक गोळी सुटली की पुढची आपोआप तयार. नळी आणि स्प्रिंगा इंजिनिअर साहेबांनी ठरवल्या. मूठ पंजाकडे आली.

"चाचणीत मूठ पोलिसांच्या हाताला बसली तर पिस्तूल आपलं," साहेब म्हणाले. "नाही बसली तर ते बाहेरून तयार माल घेणार. मग पॅटर्न शॉपला कुलूप, आणि तुमची बदली पॅकिंगमध्ये."

"पॅकिंगमध्ये मी काय करायचं?"

"खोक्यांना खिळे ठोकायचे."

ज्या माणसाने जन्मभर सांध्याला सांधा असा बसवला की नखही शिरू नये, त्याने खोक्यांना खिळे ठोकायचे. पंजाला त्या विचारानेच अंगठा ठेचल्यासारखं झालं. त्याने जीव ओतून मूठ घडवली, हातात धरली, आणि ती इतकी छान बसली की त्याला भरून आलं. लाकडी नमुना पिशवीत घालून तो घरी आला.

"अगं, जरा धरून बघ."

"दूध ठेवलंय."

"एका हाताने धर की."

बायकोने एका हाताने मूठ धरली. डोळे पातेल्यावर होते. "छान आहे," ती म्हणाली. पंजाने मनातल्या मनात ते संपूर्ण पोलीस दलाचं मत म्हणून नोंदवून टाकलं.

पहिल्या चाचणीला निरनिराळ्या ठाण्यांतून माणसं आली, त्यात बायकोही होती. चाचणीचे प्रमुख मिशीवाले इन्स्पेक्टर होते. मिशी भव्य, आवाज भव्य, बाकी बेताचं. पंजा मागच्या काचेपलीकडे इंजिनिअर साहेबांसोबत उभा होता. बायकोची पाळी झाली तसं इन्स्पेक्टरांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"मूठ जाड आहे साहेब," ती म्हणाली. "पकड घट्ट धरली की बोट ट्रिगरला पोचत नाही, आणि बोट पोचवलं की पकड सुटते. दोन्ही एकदम हवं असेल तर एक बोट उसनं आणावं लागेल."

सगळे हसले. इंजिनिअर साहेबांनी पंजाकडे बघितलं. पंजाने छताकडे बघितलं. मूठ सुधारून दुसरी चाचणी घ्यायचं ठरलं, आणि तीच शेवटची.

त्या संध्याकाळी घरात बोलणी बंद. म्हणजे थेट बोलणी बंद.

"आई, तिला सांग," पंजा म्हणाला, "घरात एक बोलायचं आणि बाहेर दुसरं, हे बरं दिसत नाही."

"आई, त्यांना सांगा," बायको युनिफॉर्मला इस्त्री करता करता म्हणाली, "घरात दूध उतू जात होतं. तिथे गोळी सुटत होती."

"मला काय टपालात नोकरी लागलीय?" आई म्हणाली. "आणि बरोबर आहे तिचं. तुझ्या बापाचीही हीच तऱ्हा. तुझ्यासाठी पाळणा केला होता त्यांनी. त्यात तुला ठेवलं की नंतर शोधावं लागायचं."

पंजाने इस्त्रीवरच्या तिच्या हाताकडे बघितलं. मग उठून त्याने मऊ मातीचा एक गोळा आणला आणि बायकोपुढे धरला. "आता नीट धर. ड्यूटीवर धरशील तशी."

तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि दिवसभराचा सगळा राग एकवटून मातीचा गोळा मुठीत आवळला. ठसा उमटला. पंजाने तो आपल्या तळहातावर ठेवला तर तो मधल्या खळग्यातच राहिला. इतकी वर्षं हा हात हातात घेतला, रस्ता ओलांडताना धरला, आजारपणात चेपला, पण केवढा आहे ते कधी बघितलंच नव्हतं. तो ओशाळला. मग त्याला कामाचं सुचलं.

मूठ पुढून बारीक करता येत नव्हती, कारण आत मॅगझिन होतं. पण मागून? त्याने मुठीची पाठ कापून वेगळी केली आणि तिथे एका पिनेवर बसणारी सुटी पट्टी केली. पिन काढा, पट्टी बदला, मूठ बदलली. अशा तीन पट्ट्या. प्रत्येकीवर त्याने सुरेख अक्षरात कोरलं: लहान, मधली, मोठी. इंजिनिअर साहेबांनी ते बघून त्याला मिठी मारायचा बेत केला होता, पण त्याच्या हातांचा विचार करून नुसतीच मान डोलावली.

दुसऱ्या चाचणीला पंजा स्वतः टेबलामागे पट्ट्या घेऊन बसला. पहिला शिपाई आला, अंगाने छत्रीच्या काडीएवढा.

"कुठली देऊ?"

"मोठी."

दुसरा आला. "मोठी." तिसऱ्याचे हात शाळकरी पोराचे वाटावेत असे होते. तो म्हणाला, "मोठी. याहून मोठी आहे का?" इन्स्पेक्टरांनी तर पट्ट्यांकडे पाहिलंही नाही. "मला काय विचारता?" म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

सगळ्यांची बोटं ट्रिगरला टोकाटोकाने टेकत होती, आणि गोळ्या एकजात डावीकडे जात होत्या. पुठ्ठ्याच्या माणसाला ओरखडाही आला नाही. मागच्या मातीच्या बांधाला मात्र शत्रुत्वाचं कारण कळेना. फक्त बायकोने लहान पट्टी मागून घेतली आणि पुठ्ठ्याची छाती चाळण केली.

"बायकांना ठीक आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "पुरुषांच्या हाताला हे पिस्तूल चालत नाही. जेवणानंतर एक फेरी बघू आणि विषय संपवू."

पंजाच्या कानात हातोड्याचे ठोके सुरू झाले. "मी जाऊन सांगतो त्यांना," तो बायकोला कोपऱ्यात म्हणाला. "की साहेब, तुमचे हात लहान आहेत."

"सांगा. येताना मी खिळे घेऊनच येते."

"मग काय करू?"

"चपलेच्या दुकानात तुम्हाला विचारतात का, पाय केवढा म्हणून? बघतात आणि देतात."

"अगं, पण पट्टीवर कोरलंय ना."

बायकोने त्याच्या खिशाकडे बघितलं. खिशातून कानस डोकावत होती. "ती दात कोरायला बाळगता?"

सगळे जेवायला गेले आणि पंजा आपलीच अक्षरं घासत बसला. 'मोठी'मधल्या वेलांटीला तर त्याने आदल्या आठवड्यात खास वळण दिलं होतं. ती त्याने सगळ्यात शेवटी ठेवली. पण घासली.

दुपारी टेबलाशी बायको उभी राहिली. येईल त्याला म्हणे, "हात पुढे करा." हात बघे, पट्टी उचलून नवऱ्याकडे देई, तो पिन ठोके. प्रश्न नाही, उत्तर नाही. छत्रीची काडी आली, मधली घेऊन गेली. इन्स्पेक्टर आले. बायकोने त्यांचा तळहात गंभीरपणे बघितला आणि लहान पट्टी नवऱ्यापुढे सरकवली. पंजाच्या हातून पिन एकदा पडली.

इन्स्पेक्टरांनी नेम धरला. पहिली गोळी छातीत. दुसरी तिच्या शेजारी. मॅगझिन संपेपर्यंत पुठ्ठ्याच्या माणसाची पुरती वाट लागली होती. ते सावकाश मागे वळले, टेबलाशी आले आणि पिस्तूल तळहातावर तोलत म्हणाले, "सकाळीच माझ्या लक्षात आलं होतं. तुमची ती मोठी मला लहान पडत होती. ही खरी मोठी."

इंजिनिअर साहेब खोकू लागले. बायको बुटाची नाडी बांधायला खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. पॅटर्न शॉपचं सगळं भवितव्य आता पंजाच्या दोन ओठांवर होतं, आणि त्या ओठांवर हसू फुटायच्या बेतात होतं. त्याने टेबलाची कड गच्च धरली.

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्या हाताला याहून योग्य माप आमच्या कारखान्यात नाही."

"दिसतंय ते," इन्स्पेक्टर म्हणाले. "पसंत आहे. कळवतो तसं वर."

परतीच्या वाटेवर बायको स्कूटरच्या मागच्या सीटवर इतकी हसत होती की पंजाला दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. पिस्तूल मंजूर झालं, कुलूप टळलं. ठाण्याठाण्यांतून पिस्तुलं वाटली जाऊ लागली, तशी इन्स्पेक्टरांच्या नेमबाजीची कीर्तीही पसरली. आता जो तो मागू लागला, साहेबांना बसवली तीच पट्टी मलाही द्या. महिन्याभरात इंजिनिअर साहेब धावत पॅटर्न शॉपमध्ये आले.

"अहो, लहान पट्ट्या संपल्या. सगळ्या. असं कसं झालं?"

"माणसं मोठी व्हायला बघतात साहेब," पंजा म्हणाला, आणि त्याने नवीन साच्यासाठी लाकूड पुढे ओढलं.