दुसऱ्यानं काढलेला बिल्ला

घरात तिला सगळे थोरली म्हणत. बाप विटांच्या भट्टीवर जाळ घालायचा, आणि थोरली फ्रॉकात होती तेव्हापासून त्याच्या मागं उभी राहून जाळ बघायची. भट्टी आतून किती तापली, हे बाप हाताच्या पालथ्या बाजूनं ओळखायचा. "तळहात लावायचा नाही, पोरी. तळहात भाजला तर काम बुडतं. पालथा भाजला तर नुसतं दुखतं." एवढी एकच विद्या त्याच्याजवळ होती. ती त्यानं तिला पुरती दिली.

थोरली उंच वाढली. इतकी उंच, की बघायला आलेली माणसं चहा पिऊन पोरीकडं मान वर करून बघत आणि कळवतो म्हणून जात. शेवटी धाकटीचं लग्न आधी उरकलं. त्याच वर्षी अग्निशमन दलात बायकांना घेणार अशी जाहिरात निघाली. वयाच्या अटीत ती जेमतेम बसत होती. पुढच्या वर्षी बसणार नव्हती. आईनं तोंड फिरवलं. बाप मात्र बराच वेळ विडी धरून बसला आणि म्हणाला, "जन्मभर आपण जाळ लावला. घरातल्या कुणीतरी विझवायला शिकावं. जा."

प्रशिक्षण केंद्रात अठ्ठेचाळीस पुरुष होते आणि ती एकटी. तिला राहायला जुन्या होजपाइपांची खोली दिली. भिंतीला लागून पाइपांची भेंडोळी, मध्ये तिची खाट. उशीलासुद्धा रबराचा वास यायचा. बूट सगळ्यांत लहान मापाचे मागितले, तरी पुढं चिंध्या कोंबाव्या लागल्या. पहिल्याच दिवशी कवायत शिकवणाऱ्या उस्तादनं तिचं बारसं केलं.

"ए शिडी! भिंतीला टेकून उभी राहू नकोस, कुणीतरी चढेल!"

सगळे हसले. तीही हसली. पहिले आठ दिवस ती हसत होती. मग तिच्या लक्षात आलं, की आपण हसलो तरी विनोद संपत नाही आणि नाही हसलो तरी संपत नाही. तेव्हापासून तिनं हसणं कामापुरतं ठेवलं.

कामात तिला तोड नव्हती. पाण्यानं फुगलेला होज खांद्यावर घेऊन ती तीन मजले चढायची. दोराच्या गाठी डोळे मिटून मारायची. पण तिचा जीव खरा रमला तो धुराच्या घरात. मैदानाच्या टोकाला ते दुमजली घर होतं. खिडक्या नाहीत, भिंती आतून कोळशासारख्या. पिंपात ओला पेंढा आणि टायर पेटवून घरात धूर कोंडायचे आणि पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडावर मुखवटा चढवून जोडीजोडीनं आत सोडायचे. वरच्या खोलीत वाळूनं भरलेला, ऐंशी किलोचा कापडी माणूस पडलेला असायचा. त्याला ओढून बाहेर आणायचं. त्याचं नाव पोरांनी जावईबापू ठेवलं होतं. स्वतःहून कधी उठत नाही, सगळ्यांनी उचलायचं, आणि कुठं खरचटलं तर आपल्यालाच बोल!

त्या घरात डोळ्यांचा उपयोग नसतो. जमिनीवर पडलेला होज हाताखाली धरून सरपटत जायचं आणि त्याच्याच मागानं परतायचं. दोन होज जिथं जोडलेले असतात, तिथं एका बाजूला दोन कान असतात. कान ज्या बाजूला, ती बाजू दाराची. थोरली ते कान असे ओळखायची, जसं आई अंधारात आपल्या लेकराचं डोकं ओळखते.

दाराशी एक फळा होता, त्याला खिळे. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला आपल्या हातानं खिळ्यावर लावायचा. बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. फळ्यावर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे. बिल्ला नाही, तर आत कुणी नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. उस्ताद रोज सकाळी हे ओरडून सांगायचा. आणि तोच उस्ताद, खिळे कमी पडतात म्हणून, जोडीचे दोन्ही बिल्ले एकाच खिळ्यावर लावायला सांगायचा.

शेवटची परीक्षा धुराच्या घरातली होती. थोरलीचा जोडीदार पैलवान. दंड मांडीएवढा, मन मात्र चिमणीचं. त्यांची जोडी सर्वांत शेवटची. दोघं वर गेले, जावईबापू सापडला. दोघांनी त्याला जिन्याच्या तोंडाशी आणलं. तेवढ्यात पैलवानाच्या तोंडावरचा मुखवटा आतून वाफेनं धुरकटला. त्याला वाटलं, हवा संपली.

"शिडी, मी मेलो!"

"हवा आहे तुझी. हळू श्वास घे. हात सोडू नकोस."

त्यानं हात सोडला. त्याचे बूट धाडधाड जिना उतरत गेले, ते तिला ऐकू आलं. ती जावईबापूला एकटीच ओढू लागली. ऐंशी किलोचं ते ओझं एकेका पायरीवर आदळत होतं. खाली पोचता पोचता तिच्या पाठीवरच्या नळकांड्याची शिट्टी वाजायला लागली. ती शिट्टी म्हणजे हवा संपत आली, आता माणूस दारात पाहिजे. तिनं होजवर हात ठेवला.

आणि होज चालू लागला.

आधी तिला वाटलं भास आहे. पण तिच्या पंज्याखालून तो सापासारखा सरकत होता. तेव्हा तिला कळलं. बाहेर आपल्याला मोजून टाकलंय. परीक्षा संपली म्हणून पोरं सामान गोळा करतायत. तिनं जावईबापूला सोडलं आणि दोन्ही हातांनी होजला मिठी मारली. बाहेर कुणीतरी ओरडलं, "अडकलाय रे! लावा जोर!" तिघा-चौघांनी जोर लावला. कोपर खरवडत, गुडघे फुटत, होजच्या शेपटाला लागून थोरली उजेडात आली.

एकदोघं हसलेही. मग सगळ्यांचं लक्ष फळ्याकडं गेलं. त्यांचा खिळा रिकामा होता. पैलवान खोकत बाहेर आला होता आणि त्यानं मुठीत जे आलं ते ओढलं होतं. दोन्ही बिल्ले त्याच्या मुठीत होते. फळ्याशी असायचा तो उस्ताद पिंपाजवळ चहा पीत होता. त्यानं तिच्या नळकांड्यावरचा काटा वाचला. दोन मिनिटांची हवा उरली होती.

दुपारी मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर कागद टाइप होऊन तयार होता. उस्ताद भिंतीशी, पैलवान दाराशी.

साहेब म्हणाले, "बसा. पाणी घ्या. हे बघा, खरं लिहायचं तर चौकशी बसते. परीक्षा रद्द. नवी परीक्षा वर्षानं. तुमचं वय मी बघितलंय."

कागदावर लिहिलं होतं, की माझाही बिल्ला काढ असं तिनंच जोडीदाराला आधी सांगून ठेवलं होतं.

"असं मी बोलले नाही, साहेब."

"मला माहीत आहे. प्रशिक्षणार्थीची चूक मी माफ करू शकतो. उस्तादची मला करता येत नाही. कळलं?"

पैलवान बुटांकडं बघत पुटपुटला, "ताई, तुझंही भागतंय, माझंही भागतंय." सहा महिन्यांत तिला तो पहिल्यांदा ताई म्हणाला होता.

तिला बापाचा पालथा हात आठवला, असं सांगितलं तर कथा चांगली होईल. पण तिला ते काही आठवलं नाही. तिला होजच्या खोलीतली खाट आठवली आणि घरी परत जाऊन आईसमोर उभं राहणं आठवलं. तिनं सही केली.

ती पास झाली. बापानं गणवेशातल्या लेकीला भट्टीवर नेऊन सगळ्यांना दाखवलं. पुढं बावीस वर्षं तिनं नोकरी केली. धुरातून माणसं काढली, विहिरीतून काढली. पैलवान चढत चढत अधिकारी झाला. समोर आला की ती त्याला सलाम ठोकायची, आणि तो घाईत असायचा. अग्निशमन केंद्रावर तिच्या बिल्ल्याला कुणी चुकून बोट लावलं तर ती हात झटकून टाकायची. नवी पोरं तिला बिल्लेवाली म्हणत, आणि आपसात म्हणत, म्हातारीला वेड आहे.

मग धाकटीची मुलगी त्याच प्रशिक्षण केंद्रात लागली. मावशीला बघून बघूनच तिनं हट्ट धरला होता. आता तिथं मुलींना वेगळी इमारत होती, मापाचे बूट होते. रविवारी दुपारी ती मावशीकडं जेवायला आली आणि पुस्तक उघडून बसली. उद्या लेखी परीक्षा होती.

"मावशी, हे ऐक, आमच्याच केंद्रातल्या जुन्या अपघाताचा हा धडा तर आमच्यात गाजलाय. एक बाई होती म्हणे. जोडीदाराला म्हणाली, माझाही बिल्ला काढ! आळशीपणाची पण हद्द असते ना? मरता मरता वाचली. आमचे उस्ताद म्हणतात, बाईबुद्धी. अशी कशी असेल गं ती?"

थोरली भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, पदराला पुसले आणि भाचीसमोर येऊन बसली.

"ती मी. आणि मी असं म्हणाले नव्हते."

तिनं सगळं सांगितलं. सरकणारा होज सांगितला, टेबलावरचा कागद सांगितला. तव्यावरची भाकरी करपली, ती कुणी उतरवली नाही.

"मग सही कशाला केलीस?"

"नोकरी हवी होती."

"मी उद्या लिहिते खरं काय ते! दहा मार्कांचा प्रश्न आहे. प्रशिक्षणार्थीची चूक कोणती?"

बावीस वर्षं ती वाट बघत होती, की कुणीतरी हे असं तावातावानं म्हणावं. आणि आता म्हणणारी समोर बसली होती, वीस वर्षांची, वेणी घट्ट बांधलेली, उद्या परीक्षा असलेली.

"पेपर कोण तपासतं तुमचा?"

"उस्ताद."

"मग छापलंय तसं लिही."

"मावशी!"

"पास हो आधी."

भाची पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. दार तिनं जरा जोरातच लावलं. थोरलीनं करपलेली भाकरी खरवडली, नवा गोळा घेतला. थोड्या वेळानं दारापलीकडून पाठांतर सुरू झालं, शाळेतल्या पोरींसारखं, एका सुरात.

"सदर महिला प्रशिक्षणार्थीने स्वतःचा बिल्ला काढण्यास जोडीदारास सांगितले. बाहेर आली तेव्हा तिच्याकडे चार मिनिटांची हवा शिल्लक होती."

"दोन," थोरली आतून म्हणाली.

आवाज थांबला. थोरलीचा हातही पिठावर थांबला.

मग भाचीनं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, आणि त्या ओळीशी आली तेव्हा जराशी अडखळून, पुस्तकात होतं तसं चार म्हणाली.