कणीक वरच्या फळीवर

शहरातल्या एका संपादकाने माझ्या मित्राला फसवलं. गोष्ट आहे तशी छापतो असा शब्द दिला आणि शेवटी स्वतःची चार वाक्यं घुसडली. मित्र रोह्याचा, अनंता. काही आठवड्यांपूर्वी तो गेला, म्हणून हे मला लिहावं लागतंय.

आमची शेवटची भेट रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात, त्याच्या घरी झाली. दिवाळी अंक पोटावर पालथा घालून तो पडला होता. दम लागत होता, तरी म्हणाला, "शेवट वाच." वाचला, आणि माझं डोकंच फिरलं. अनंता कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरल्या वेळात गोष्टी लिहायचा. या गोष्टीतली बाई अष्टमीतच राहते. रोज संध्याकाळी खाडीची भरती तिच्या घरात येते, फक्त तिच्याच. पहिलं वाक्य मला पाठ आहे : 'भरतीची वेळ झाली म्हणून तिने कणीक वरच्या फळीवर ठेवली.' पाणी कुठून येतं, का येतं, पुढे एक अक्षर नाही. शेजारीण येते, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेते, तरंगणारा पाट पायाने अडवते आणि म्हणते, "वाटीभर मीठ हाय का गो?" बाई सांगते, "थांब गो, ओहोटी लागूदे. जमिनीवरचंच खरवडून देते." कच्चं लिखाण वाचताना मी इथे हसलो होतो, आणि मग उगाच स्वतःच्या पायाखाली बघितलं होतं...

कारण न देण्याची ही कला तो माझ्याकडून शिकला, असं तोच म्हणायचा. पेणला माझा गणपतींचा कारखाना आहे. दुसऱ्यांकडे माती मळत मी वर आलो. घासाघीस हेच माझं शिक्षण. सुट्टीच्या दिवशी अनंता येऊन बसायचा. मुंबईचा व्यापारी आला की मी भाव सांगायचो आणि गप्प. तो चुळबुळायचा, मी ब्रश धूत राहायचो. एकदा अनंताने विचारलं, "त्याला कारण का नाय देत रे?" म्हटलं, "कारण दिलं की त्याला वाटतं, मालात खोट हाय." डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेल्या मूर्तींकडे तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "व्हय रे. गोष्टीचं पण तसंच हाय. पाणी आलं म्हणायचं नि गप बसायचं. फक्त कणीक वर ठेवायला विसरायचं नाय."

संपादकाने फोनवर विचारलं होतं, वाचकांना कळणार कसं? "पाय ओले झाले की कळेल," अनंता म्हणाला. साहेब हसले, बरं म्हणाले. आणि छापलं काय? नवरा खाडीत बुडाल्यापासून बाईच्या मनावर परिणाम झाला होता, पाणी वगैरे काही नव्हतंच! अहो, अनंताच्या गोष्टीत नवरा जिवंत आहे, माळ्यावर बसून जेवतो! चार वाक्यांत साहेबांनी नवऱ्याला मारलं, बायकोला वेडं केलं आणि शेजारणीला खोटं पाडलं. मी फोन करून भांडलो. उत्तर मिळालं, "थोडं सोपं केलं." अनंता मात्र एवढंच म्हणाला, "तिला येडी ठरवली रे... आता तशीच राहणार ती."

तशीच राहणार, कारण आता तेच साहेब अनंताच्या गोष्टींचं पुस्तक काढतायत, आणि ही गोष्ट त्याच शेवटासकट जातेय.

परवा संध्याकाळी अष्टमीला गेलो होतो. अनंताची बायको, सुमनवहिनी, कणीक मळत त्याच्याबद्दल बोलत होत्या. मळून झाली, बोलता बोलताच उठल्या आणि टाचा उंचावून परात वरच्या फळीवर ठेवली. खाली ओटा रिकामा होता. मी खुर्चीवर पाय वर घेतले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही...

संपादकसाहेब, ती चार वाक्यं कोणाला विचारून घातलीत, आणि पुस्तकातून काढणार की नाही? उत्तर मला देऊ नका. अष्टमीला या, त्या स्वयंपाकघरात उभे राहा आणि वहिनींना द्या. संध्याकाळी या.