महाळुंगे ते पिंपरी, साडीखरेदीच्या नावाखाली

गड झाले, घाट झाले, समुद्र झाला. या वेळचा प्रवास आमच्याच एमआयडीसीतला. अंतर किरकोळ, पण जिवाला घोर लावणारा. सुरुवात फोनने झाली. महाळुंग्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई, आमच्या वन्सं, कुजबुजत म्हणाल्या, "सुजाता, छातीत गाठ लागायलीय गं हाताला. दिवाळीपासून. कुणाला सांगू नको बरं."

मी पिंपरीतल्या दवाखान्यात चौकशी केली, शाळेत रजा टाकली आणि वन्संनी घरी सांगायला कारण शोधलं: पुतणीच्या लग्नाची साडीखरेदी.

रजा मिळाली गुरुवारची. आमच्याकडे नवरा बँकेत, सुट्टी रविवारी. कंपन्या गुरुवारी बंद असतात हे माझ्या टाळक्यात आलंच नाही! सकाळी पिंपळे गुरवहून गाडी घेऊन पोचते, तर वन्संचे यजमान, म्हणजे आमचे वेल्डर भावोजी, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"चला, मी पण येतो. सुट्टीच आहे."

अहो, हा माणूस बायकोबरोबर कधी कोथिंबीर आणायला गेला नव्हता! वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीची काच पुसायला लागले.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गुरुवारी कंपन्यांच्या बसेस नसतात, त्यामुळे चाकणचा चौक माणसासारखा वागतो. मोशीला मिसळ खाल्ली. झणझणीत, तर्री मागाल तेवढी. वन्संच्या घशाखाली घास उतरेना, तर भावोजींनी त्यांचीही प्लेट संपवली. "साडीच्या आनंदात भूक मेली हिची," म्हणे.

पिंपरी कॅम्पाच्या बाजारात मला एकदम सुचलं. त्यांना एका दुकानाच्या गादीवर बसवलं. "भावोजी, तुम्ही साड्या बघा, आम्ही मॅचिंग ब्लाउजपीस घेऊन येतो." मॅचिंग म्हटल्यावर कुठलाही पुरुष मागे येत नाही. तेही लोडाला टेकले.

आम्ही रिक्षाने थेट दवाखान्यात. केसपेपर, रांग, मग मॅमोग्राफीला, म्हणजे छातीच्या खास एक्स-रेला, आत. आतल्या ताई म्हणाल्या, "पावडर लावलीय का?" लावलीय का? खरेदीला चाललोय हे पटावं म्हणून वन्संनी मानेपासून काखेपर्यंत डबा रिकामा केला होता! फोटोत पावडरीचे कण उगाच ठिपक्यांसारखे दिसतात, म्हणून सगळी पुसायला लावली. तुम्ही गेलात तर पावडर, अत्तर काही लावू नका आणि साडी किंवा सलवार-कुर्ताच घाला, म्हणजे फक्त वरचंच काढावं लागतं.

"कसं होतं हो मशीन?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"पुरीचं यंत्र गं. आन् पुरी मीच."

मग सोनोग्राफी. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि वन्संनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचली. "पाण्याची गाठ दिसतेय. पक्का रिपोर्ट येऊ दे, पण बहुतेक काळजीचं काही नाही." बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी हमसून रडलो. मॅचिंग राहिलंच.

दुकानात भावोजींभोवती साड्यांचा ढीग. "कुठंय ब्लाउजपीस?"

वन्संना आणखी खोटं बोलवेना. सगळ्या दुकानासमोर सांगून टाकलं. भावोजींच्या हातातली पोपटी साडी हातातच राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी घाबरला असता."

"घाबरलो असतो की! एकटीनंच घाबरायचं का?" दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, पोपटी पॅक करू?"

"करा," भावोजी डोळे पुसत म्हणाले.

परतताना ते मागच्या सीटवर, वन्संशेजारी बसले. मी ड्रायव्हर झाले, पण तक्रार नाही.

रिपोर्टही चांगला आला. पोपटी साडी मात्र भयंकर आहे, वन्सं ती हौसेने नेसतात. घरी आल्यावर मला एकच टोचत राहिलं, साडीखरेदीला उजळ माथ्याने निघता येतं आणि जिवासाठी लपून जायचं?

काल वन्संचा फोन आला. "येत्या गुरुवारी गाडी घेऊन ये. गल्लीतल्या चौघींना तपासून घ्यायचंय. नवरे घरी असतेत, लेकरं सांभाळतील."

"घरी काय कारण सांगितलंय त्यांनी?"

"खरंच सांगितलंय गं. साडीचं सांगितलं असतं, तर नवरे पण आले असते."