सार्विदींचा बुधवार

सेमारांग बंदरात आमच्या टोळीचे मुकादम होते पाक सार्विदी, म्हणजे सार्विदीकाका. तोंडाचे फटकळ, पण माणूस लाखात एक. माझं घर उभं आहे ते त्यांच्यामुळे. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

तेव्हा आमचं बंदर रडतखडत चाललं होतं. माल चढवायला इतका वेळ लागे की जहाजं कंटाळून सुराबायाला जाऊ लागली. शेवटी बंदराने माल चढवण्या-उतरवण्याचं काम बाहेरच्या कंपनीला ठेक्याने दिलं. कंपनीने आमचीच टोळी घेतली, पण अट घातली: पहिलं जहाज वेळेत सुटलं पाहिजे. नाहीतर जहाजही जाणार आणि आम्हीही.

जहाज लागलं नेमकं बुधवारी, पाहिंगच्या बाजारादिवशी. आमच्याकडे सात वारांबरोबर पाच बाजारदिवसांचंही चक्र चालतं, पाहिंग त्यातला एक. वार आणि बाजारदिवसाची हीच जोडी सार्विदींच्या वडिलांच्या मरणाची. बाप ज्या जोडीला गेला, त्या जोडीला मुलाने नवं काम सुरू केलं तर त्याच्यावर संकट येतं, असं आमच्याकडे पक्कं मानतात. आणि मुकादमाने पहिल्या कंटेनरला हात लावल्याशिवाय टोळी जागची हलत नाही.

मी धावत त्यांच्या घरी गेलो, हातापाया पडलो. ते उंबऱ्यावरून उठेनात.

"मेलो तरी आज नवं काम नाही!"

आतून त्यांची बायको मुर्तिनी कडाडली, "कसलं डोंबलाचं नवं काम? तोच धक्का, तीच क्रेन, तीच ही आळशी माणसं! ठेकेदार बदलला म्हणून डबे काय उडत जाणार आहेत जहाजावर?"

सार्विदी तिच्याकडे बघून हसले. "ऐकलंस ना? जुनंच काम आहे. चल, ऊठ आता माझ्या पायांवरून."

त्यांनी पहिल्या कंटेनरला हात लावला आणि आम्ही जे भिडलो ते जहाज सुटेपर्यंत. वेळेच्या आत सुटलं. पुढच्या आठवड्यात परत येतो, असा जहाजावरून निरोपही आला. टोळीने नुसता कल्ला केला.

सार्विदींना खांद्यावर घ्यावं म्हणून मी शोधायला गेलो. ते डब्यांच्या रांगेमागे एकटेच बसले होते, दुआ मागताना पसरतात तसे दोन्ही हात पसरून.

"बाबा, काम नवंच होतं, मला कळतं," ते पुटपुटत होते. "पण सगळ्यांची पोरं लहान आहेत. काय व्हायचं ते माझ्या एकट्याचं होऊ दे."

मी आल्या पावली मागे फिरलो. माझी लेक तेव्हा नुकती रांगायला लागली होती.